घरघर

मासे पाळणारा माणूस स्वभावाने शांत असतो, अशी एक समजूत आहे. पाहुणे येतात, काचेसमोर उभे राहतात, "काय शांत वाटतं हो तुमच्याकडे" म्हणतात, चहा घेतात आणि साडेनऊच्या आत आपापल्या घरी जातात. रात्री अकरानंतर आमच्या हॉलमध्ये पाहुणा म्हणून कोणी थांबलेलं नाही. समजूत टिकून आहे ती त्यामुळे. मासे मुके असतात हे बऱ्याच अंशी खरं आहे. (गुरामीच्या कुळातला एक मासा चक्क टरटरतो, पण तो माझ्याकडे नाही. तेवढंच सुख.) मुकं नसतं ते त्यांना जगवणारं यंत्र. दुकानांतून त्याला 'ऑक्सिजनची मोटर' म्हणतात. त्यात ऑक्सिजनही नसतो आणि मोटरही नसते, हे मला बरंच पुढे कळलं. तोवर पैसे देऊन झाले होते.

माझ्याकडे सहा टाक्या आहेत. सहा टाक्या कोणी घेत नसतं, त्या होतात. लेकीच्या हट्टासाठी गप्पी आणले. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. महिन्याकाठी एक वेत ठरलेलं, आणि एकाच भेटीच्या भांडवलावर पुढची कित्येक बाळंतपणं ती नराशिवाय पार पाडते. पिल्लं झाली की आईबापच ती खातात, म्हणून पिल्लांना वेगळी टाकी. मॉलींच्या अंगावर पांढरे ठिपके आले, म्हणून आजाऱ्यांना वेगळी टाकी. तिच्यावर लेकीने स्केचपेनने 'इस्पितळ' असं लिहून ठेवलं आहे. फायटर कोणाबरोबर नांदत नाही, त्याला स्वतंत्र बिऱ्हाड. एंजल मोठे झाले की गप्पी गिळतात, त्यांना तीन फुटी. आणि ऑफिसातला एक सहकारी बदली होऊन बेंगळुरूला गेला, तो जाताना दोन गोल्डफिश आणि त्यांचा सगळा संसार माझ्या गळ्यात घालून गेला. प्रत्येक टाकीबरोबर एक छोटा पंप आला. डोंबिवलीतलं दोन बेडरूमचं घर, त्यात सहा टाक्या, सहा पंप, आम्ही तिघं आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर विश्रांतीला आलेल्या सासूबाई.

ज्या गप्पीला मलेरिया विभाग विहिरीत नाहीतर साचलेल्या पाण्यात सोडून देतो आणि जो तिथे कोणाच्याही मदतीवाचून डासांच्या अळ्या खात वंश वाढवतो, त्याच गप्पीला मी चोवीस तास विजेवरची हवा पुरवत होतो. फायटरची गोष्ट तर त्याहून लाजिरवाणी. त्याला कल्ल्यांखेरीज डोक्यात आणखी एक अवयव असतो; पृष्ठभागावर येऊन तो सरळ तुमच्याआमच्यासारखी हवा घेतो. पाणी फार ढवळलं गेलेलं त्याला आवडतही नाही. तो फेस जमवून घरटं बांधायचा, माझा पंप ते फोडायचा, तो पुन्हा बांधायचा. हा खेळ मी कितीतरी महिने मोठ्या प्रेमाने चालवला.

रात्री मात्र सहाही पंप एकदम कानावर येत. घराचा आवाज उतरला की यांचा चढे.

"अहो, ते बंद करा."

"मासे मरतील."

"मग मासे बंद करा."

आमच्या हिला गाढ झोप लागते. पहाटेच्या लोकलच्या भोंग्याने ती जागी होत नाही, दर फेरीला टक्क करणाऱ्या पंख्याखाली ती वर्षानुवर्षं झोपली आहे. माझ्या घोरण्याबद्दल तिने एकदाच लेखी तक्रार केली होती, तीही फ्रिजवर चिठ्ठी लावून. पण पंप तिला सोसेना. तो थांबत नाही, हेच तिचं म्हणणं. "घोरणारा माणूस मधेच कूस तरी बदलतो," ती म्हणाली.

यावर मी वाचन सुरू केलं. संकटात वाचन सुरू करणं ही माझी जुनी खोड. त्यातून असं हाती लागलं की १८४० च्या दशकात लंडनमध्ये अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी समुद्राचं पाणी आणून घरात प्रवाळ जगवले होते, आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण ते पाणी उघड्या खिडकीपाशी रोज अर्धापाऊण तास या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसे. मी हे मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. इतिहासातला सर्वांत आवाजरहित पंप!

"छान," ही म्हणाली. "इथे भांड्यांना बाई मिळेना."

शेवटी एका रविवारी मी लोकल पकडून क्रॉफर्ड मार्केट गाठलं. त्याचं खरं नाव महात्मा जोतिबा फुले मंडई, पण पंप घ्यायला जाणारा माणूस क्रॉफर्ड मार्केटलाच जातो. पोपट, ससे, कुत्र्यांची पिल्लं यांच्यामधून वाट काढत मी एका दुकानात शिरलो आणि म्हणालो, "सहा टाक्यांना एकच पंप हवा. पण अजिबात आवाज नको."

"सायलेंट देतो ना, साहेब. एकदम सायलेंट."

त्याने एक पंप बोर्डाला लावला आणि तळहातावर धरून माझ्या कानाशी आणला. मागे पोपटांचा थवा ओरडत होता, समोरून हातगाडीवाला "बाजू, बाजू" करत होता, रस्त्यावर टॅक्सीवाल्यांचं एकमेकांशी हॉर्नमधून बोलणं चाललं होतं. मी डोळे मिटून ऐकलं. खरोखर काहीच ऐकू आलं नाही. दुकानदार काय बोलतोय तेही ऐकू येत नव्हतं. शांत वस्तू पारखायला मी मुंबईतली सर्वांत गोंगाटाची जागा निवडली होती आणि तिथे प्रत्येक पंप परीक्षेत पहिल्या वर्गात पास होत होता.

खोक्यावर '४५ डीबीपेक्षा कमी' असं छापलेलं होतं. किती अंतरावरून, ते छापलेलं नव्हतं. एक हात अंतरावरून मोजलं की दोन हातांवरून, यानेच सहा डेसिबलचा फरक पडतो. मग दुसऱ्या खोलीतून मोजलं असेल तर प्रश्नच मिटला. पण मला ४५ हा आकडा ओळखीचा वाटला. आपल्या देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला रात्री दहा ते सकाळी सहा एवढीच मुभा आहे. म्हणजे हा पंप कायद्याच्या चौकटीत बसतो! हिच्याशी वाद घालताना उपयोगी पडेल म्हणून मी ते मनात टिपून ठेवलं.

डेसिबलचं गणित मी गाडीत केलं होतं आणि त्यावर मला फार अभिमान होता. सारखाच आवाज करणारे सहा पंप एकत्र चालले की एकट्या पंपापेक्षा आवाज सुमारे आठ डेसिबलने वाढतो. म्हणजे सहाऐवजी एक केला की आठ डेसिबलची बचत. पुढचं अर्धं गणित मी केलं नाही. दहा डेसिबल कमी झाले तर कुठे कानाला आवाज निम्मा वाटतो, म्हणजे सहातले पाच पंप बाहेर फेकले तरी निम्म्याहून थोडा अधिक आवाज घरात राहतोच. शिवाय माझा उरलेला एक पंप त्या सहांतला नव्हता, त्यांचा बाप होता.

"किती टाक्या म्हणालात?" दुकानदाराने विचारलं.

"सहा."

"उद्या दहा होतील, साहेब. मोठाच घ्या."

माणूस ओळखतो हा, असं मला वाटलं. स्पंज फिल्टरला मिनिटाला लिटर-दोन लिटर हवा पुरते. सहा टाक्यांना दहा लिटर म्हणजे चंगळ. मी चाळीस लिटरचा पिस्टन पंप घेतला. त्याचा दाब दोन मीटर खोल पाण्याला पुरेल असा होता. माझ्या टाक्या फूट-दीड फुटाच्या. घरात दोन मीटर पाणी यायला पुन्हा २६ जुलै २००५ उजाडावी लागेल, पण तसं झालंच तर हवेची सोय माझ्याकडे होती. किंमत हिला सांगताना मी शेवटचं शून्य गाळलं.

घरी आणून तो तीन फुटी टाकीच्या खालच्या प्लायवूडच्या कपाटात ठेवला, दार लावलं आणि बटण दाबलं. अख्खा हॉल गुरगुरला. शोकेसमधले काचेचे ग्लास एकमेकांना लागून किणकिणू लागले. मी दार उघडलं, पंप उचलून हातात धरला. शांत! खाली ठेवला, गुरगुर. हातात घेतला, शांत. दुकानदार सबंध वेळ तो तळहातावर का धरून होता, ते तेव्हा कळलं.

या यंत्राच्या पोटात तारेचं वेटोळं आणि चुंबक असतो. घरातली वीज सेकंदाला ५० फेऱ्या करते, त्या तालावर चुंबक ओढला-ढकलला जातो. छोट्या पंपात तो रबराचा भाता हलवतो, मोठ्यात दट्ट्या. बस्स, एवढंच यंत्र. मुळात त्याचा आवाज फारसा नसतोच. तो ज्यावर बसवाल ते वाजतं. तंबोऱ्याची तार नुसती दोन खिळ्यांना ताणली तर शेजारच्यालाही ऐकू येत नाही, भोपळा मिळाला की दिवाणखाना भरतो. मी चाळीस लिटरच्या तारेला तीन फुटी भोपळा दिला होता.

त्या रात्री आणखी एक शिक्षण झालं. मध्यरात्री लाइट गेली. पंप टाकीच्या खाली, नळी टाकीच्या तळाशी, मधे झडप नाही. हवेचा दाब सुटला आणि पाणी नळीतून उलटं उतरू लागलं. नळीतून पंपात, पंपातून कपाटात, कपाटातून हॉलभर. सकाळी एंजल चार बोटं पाण्यात आडवे होऊन एका डोळ्याने माझ्याकडे बघत होते. हे टाळणारी एकतर्फी झडप दहा-वीस रुपयांना मिळते. मी त्याच दिवशी सहा आणून लावल्या, त्यातल्या दोन उलट्या. त्या दोन टाक्यांत एकही बुडबुडा येईना, म्हणून मी पंपात दोष काढून क्रॉफर्ड मार्केटला फोन केला. त्यांनी फक्त "बाण बघा, साहेब" एवढंच म्हटलं.

पंप पाण्याच्या पातळीच्या वर हवा आणि प्लायवूडपासून दूर हवा, इतकं शास्त्र आता ठरलं. पंपाला जागा शोधण्याचं पर्व सुरू झालं. भांडी घासायच्या स्पंजवर ठेवला. तो थरथरत स्वतःच्या पायांनी चालत टेबलाच्या कडेपर्यंत गेला. तांदळाच्या प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून ठेवला. अर्ध्या तासात डबा इतका तापला की त्यात भात झाला असता. गोधड्यांच्या कपाटात ठेवला, तो हिने परत आणून दिला. बाल्कनीत ठेवला तर खरंच शांतता झाली. पण बाहेरची हवा पंप निवडून घेत नाही. संध्याकाळी खाली धुराचं यंत्र घेऊन डास मारणारे आले आणि मी सहा टाक्यांना कीटकनाशक पाजायच्या बेतात होतो. धावत जाऊन प्लग काढला. खालून लोक बघत होते. एक माणूस बाल्कनीत उघडाबंब येऊन धुरावर ओरडतोय, एवढंच त्यांना दिसलं असणार.

मग मला माळा सुचला. सासूबाईंच्या खोलीतला माळा. तिथे बॅगा, जुनी पाठ्यपुस्तकं आणि गणपतीची थर्माकोलची मखरं होती. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून ही मखरं वापरता येत नव्हती आणि ती टाकून देण्याचं धैर्यही मला होत नव्हतं. मी पंप माळ्याच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवला, भोवती मखरांची कोंडाळी केली, अर्ध्या इंचाचा पीव्हीसी पाइप भिंतीच्या कडेने फिरवून त्याला सहा कॉक बसवले आणि बटण दाबलं.

काही ऐकू येईना. हॉलमध्ये नाही, आमच्या खोलीत नाही, सासूबाईंच्या खोलीतही जवळजवळ नाही. हिने त्या रात्री माझ्याशी पंपाखेरीज दुसऱ्या विषयावर गप्पा मारल्या. मी फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप उतरवून घेतलं. त्यात पंप चालू आणि पंप बंद यात फरकच दिसेना. मोजणारी यंत्रं आपल्या कानाप्रमाणे खर्जाचे गुण कापतात, १०० हर्ट्‍झला तर जवळजवळ १९ डेसिबल, हे वाचलेलं असूनही मी तो स्क्रीनशॉट ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.

सासूबाई तेवढ्या एकदा म्हणाल्या, "कुठेतरी तंबोरा लागलाय."

गुडघ्याच्या गोळ्यांचा परिणाम असेल, असं आम्ही धरलं.

पुढच्या महिन्यात सोसायटीची सभा झाली. शेजारचे मास्तर निवृत्त असून सभेत कधी बोलत नाहीत. ते उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या इमारतीला घरघर लागली आहे." त्यांना वाटलं सगळे हसतील. कोणी हसलं नाही, कारण खालच्या मजल्यावरच्या वहिनींनाही उशीला कान लावला की तेच ऐकू येत होतं, आणि वरच्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा म्हणाला की त्याच्या भिंतीवरचा आरसा रात्री हलतो. इमारत तिशी ओलांडलेली. सेक्रेटरींचा चेहरा उतरला. लिफ्टची मोटर, तळमजल्यावरचा पाण्याचा पंप, शेजारच्या दुकानाचा एसी अशी एकेक शंका निघाली आणि शेवटी स्ट्रक्चरल ऑडिटवर गाडी येऊन थांबली. त्याआधी आवाजाचा शोध घ्यायला तिघांची समिती नेमावी, असं ठरलं. मास्तर एक, चौथ्या मजल्यावरचे वीज मंडळातून निवृत्त झालेले काका दुसरे, आणि तिसऱ्या जागेसाठी मास्तरांनी माझं नाव सुचवलं.

"यांच्या घरी शांत असतं," ते म्हणाले. "मासे आहेत. यांचा कान तयार असणार."

मी आभार मानून पद स्वीकारलं. शपथेवर सांगतो, तोवर मला खरंच कळलं नव्हतं.

आम्ही रात्री साडेअकराला निघायचो. काकांकडे हातभर लांब स्क्रूड्रायव्हर होता. त्याचं टोक भिंतीला टेकवायचं आणि मूठ कानाला, म्हणजे भिंतीच्या पोटातलं ऐकू येतं. बेअरिंग तपासायची ही मेकॅनिक लोकांची रीत. मी टॉर्च धरायचो. लिफ्टची खोली निर्दोष सुटली, पाण्याचा पंप सुटला. मास्तरांच्या बेडरूमच्या भिंतीला स्क्रूड्रायव्हर लावल्यावर काका बराच वेळ हलले नाहीत.

"५० सायकल," ते म्हणाले. "कुठेतरी कॉइल आहे."

"म्हणजे काय?" मास्तरांनी विचारलं.

मग काकांनी मध्यरात्री मास्तरांच्या पलंगावर बसून आम्हाला जी माहिती दिली, ती मी तेव्हा निश्चिंत मनाने ऐकली, आज आठवून घाम येतो. देशभरातली वीज एकाच ठेक्यात चालते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं जाळंही बाकीच्या देशाशी एका लयीत आलं. ती लय ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवण्यासाठी माणसं रात्रंदिवस जागत असतात. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जिथे म्हणून चुंबक आणि वेटोळं आहे, ते एकाच सुरात गुणगुणतं. "या भिंतीत तोच सूर आहे," काका म्हणाले. "लाइट गेली की थांबेल बघा. मग जोडण्या शोधू."

दुर्दैव बघा. त्याच आठवड्यात मी इन्व्हर्टर घेतला होता. एंजलांचा तो एका डोळ्याचा कटाक्ष मला झोपू देत नव्हता. शिवाय एप्रिल लागला होता. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, २० अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम मावत असेल तर ३० अंशांना साडेसातच. बुडबुडे स्वतः फारसा प्राणवायू देत नाहीत. ते पृष्ठभाग ढवळतात आणि हवा तिथून मिसळते, पण त्यासाठी ते चालू तर राहायला हवेत. इन्व्हर्टर मी स्वस्तातला घेतला. त्याचं एक कनेक्शन माळ्यावर नेलं.

लाइट शनिवारी रात्री गेली. अख्खी इमारत काळोखात, पंखे थांबलेले, सगळीकडे नीरव. आणि मास्तरांच्या भिंतीतून आवाज थांबण्याऐवजी दुपटीने सुरू झाला. आता ती घरघर नव्हती, करकर होती. मास्तर दार उघडून जिन्यात आले. "काका, लाइट गेल्यावर तर जास्तच वाजतंय!"

काका वरून मेणबत्ती घेऊन उतरले. भिंतीला नुसता कान लावला आणि सावकाश माझ्याकडे वळले.

"स्वस्तातला इन्व्हर्टर. स्क्वेअर वेव्ह. साइन वेव्ह नाही मिळाली की कॉइल अशी किंचाळते." मग जरा थांबून, "तुमच्याकडे इन्व्हर्टर कधी घेतला?"

त्या जिन्यात उजेड फक्त माझ्या दारातून येत होता.

मखरं बाजूला केल्यावर जे दृश्य दिसलं त्याचं वर्णन मी करत नाही. मास्तर शिडीवर तिसऱ्या पायरीपर्यंत चढून ते बघून आले आणि एकही शब्द न बोलता घरी गेले. थर्माकोलने हवेतला आवाज थोडाफार अडवला होता, पण पंपाची पाठ भिंतीला टेकलेली होती आणि ती भिंत मास्तरांच्या डोक्याशी होती. माझ्या घराची शांतता मी चार घरांत सारखी वाटून टाकली होती. ऑडिटवाल्यांच्या पहिल्या भेटीची फी मी भरावी, असा ठराव सभेत एकमताने मंजूर झाला. समितीचा सदस्य या नात्याने त्याला अनुमोदन मीच दिलं.

काकांना मात्र पंप आवडला. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच हत्यारांची पेटी आणली. सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आणायला मला पिटाळलं. माळ्याच्या छताला हुक होता, त्याला ट्यूबच्या झोळीत पंप असा टांगला की तो भिंतीला, फळीला, मखराला, कशालाच टेकणार नाही. पंपापासून पाइपापर्यंतचा पहिला हातभर तुकडा मऊ नळीचा घातला, म्हणजे पाइपातूनही थरथर पुढे जाऊ नये.

"हे कॉक इतके आवळलेत कशाला?" त्यांनी विचारलं.

"हवा फार येते. एंजल काचेला चिकटतात."

"दहा लिटरचं काम आणि चाळीस लिटरचं यंत्र! उरलेली हवा जाणार कुठे? दाबून ठेवलीत की ते तापतं, ओरडतं, मरतं." त्यांनी सातवा कॉक बसवून तो मोकळा सोडला आणि त्याच्या टोकाला एअर स्टोन लावून पाण्याच्या बाटलीत बुडवला. स्पंज फिल्टरांच्या नळ्यांत आतून दगड घातले. मोठे भकभक फुटणारे बुडबुडे बारीक झाले आणि आपण पंपाचा म्हणत होतो त्यातला अर्धा आवाज बुडबुड्यांचाच होता, हे उघडकीस आलं. चुनखडीने भरलेले जुने दगड फेकून दिले. फायटरचा कॉक बंद केला. तासाभरात त्याने घरटं बांधायला घेतलं. इन्व्हर्टर बदलून साइन वेव्हचा आणला; त्याची किंमत सांगताना गाळायला एक शून्य पुरलं नाही.

काकांनी मास्तरांच्या भिंतीला स्क्रूड्रायव्हर लावला. मास्तरांनी लावला. मी लावला. काही नाही.

मी विजयी मुद्रेने घरात आलो, तर सासूबाई पलंगावर उठून बसल्या होत्या, टाळ मांडीवर.

"माझा तंबोरा का बंद केला?"

त्या तरुणपणापासून भजनी मंडळात गातात, त्यांची पट्टी पांढरी पाच. गुडघ्यामुळे मंडळात जाणं बंद झालं, पेटी गावी राहिली. आणि इथे आल्यावर माळ्यावरून कोणीतरी रोज त्यांना नेमका पांढरी पाचचा खर्ज देत होतं. "किंचित चढा," त्या म्हणाल्या, "पण अखंड." दुपारी आम्ही कामावर असताना त्या त्यावर तासनतास गात होत्या.

काका खुर्ची ओढून बसले. फोनवर पेटीचं अ‍ॅप उघडून त्यांनी पांढरी पाच दाबली, बोटांवर काही गणित केलं आणि मान डोलावली. "बरोबर आहे. खर्जातली पांढरी पाच म्हणजे ४९. आपण ५०. वहिनी, तुमचा कान म्हणजे मीटर आहे हो."

सासूबाईंना वीज मंडळातल्या माणसाकडून मिळालेलं हे पहिलंच प्रशस्तिपत्र असावं. त्या प्रसन्न झाल्या आणि वाटाघाटी सुरू झाल्या. दुपारी चार ते पाच पंप झोळीतून उतरवून त्यांच्या खोलीतल्या प्लायवूडच्या टेबलावर ठेवायचा, असं ठरलं. या वेळेत मास्तर फिरायला जातात, त्यामुळे सोसायटीची हरकत नव्हती. आता गुरुवारी इमारतीतल्या आणखी चौघीजणी गायला येतात. पंप उतरवायचं काम माझं, म्हणून गुरुवारी मी ऑफिसातून लवकर निघतो. साहेबांना कारण काय सांगतो ते इथे सांगता येण्यासारखं नाही.

अडचण एकच उरली. त्या चौघींतल्या एकीची पट्टी काळी पाच. तिला पांढरी पाच खाली पडते. सासूबाईंनी काकांना विचारलं की याचा सूर चढवता येईल का.

"आपल्याकडे नाही," काका म्हणाले. "अमेरिकेत ६० सायकल असते. तिथे हाच पंप काळी पाचच्याही जरा वर बोलेल."

सासूबाईंचा मुलगा न्यू जर्सीला असतो आणि दिवाळीत येणार आहे. "मग त्याला तिकडचा पंप घेऊन यायला सांगते."

"पंप तिकडचा आणून काय उपयोग, वहिनी? सूर पंपाचा नसतो, विजेचा असतो. इथल्या प्लगला लावला की तोही पांढरी पाचच."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला.

"मग वीजच आणायला सांगते," त्या म्हणाल्या आणि फोन लावला.